गाडी थांबवा म्हणायला लाज कसली?

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की केडगाव, चौफुला, यवत, पाटस, दौंड या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये गाड्या ठरू लागतात. क्रूझर घ्यायची की टेम्पो ट्रॅव्हलर, माणशी वर्गणी किती, भाकरी-चटणी कोण करणार, बॅनर कुठे लावायचा, या सगळ्यावर विहारात बसून बोलणे होते. एका गोष्टीवर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती म्हणजे वाटेत लघवी-संडासची सोय काय?

रस्ता काही थोडा नाही. केडगावहून चौफुला, न्हावरा, शिरूर, नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. सगळे मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या वर भरते. गाडी भरलेली, मांडीवर लेकरे, पायात पिशव्या. बारा-चौदा तास सहज जातात. एवढ्या वेळात माणसाला चार-पाच वेळा लघवीला जावे लागते. हा शरीराचा धर्म आहे, त्यात कुणाची हौस नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. नागपूरहून किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीहून गाड्या परतल्या की पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. उन्हाळी लागली, ओटीपोट दुखते, थंडी वाजून ताप आला, पोट साफ होत नाही, पायाला सूज आली. यात बायका जास्त. खोदून विचारले की कारण कळते. आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलेले असते. "वाटेत जायला लागलं तर कुठं जायचं? पुरुषमाणसांसमोर गाडी थांबवा कसं म्हणायचं?" पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहून मोकळे होतात. बाई मात्र ओठ आवळून बसून राहते.

बाटली हातात, घोट नाही घशात

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला घरातली मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने पुढे गेली. जवळ खायला भरपूर होते, पण जातीमुळे वाटेत कुणी पाणी दिले नाही. वाटेतल्या डबक्यांत होते ते गुरांच्या शेणामुताने घाण झालेले पाणी. लेकरांनी ती रात्र तहानेत काढली. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

त्या पाण्यावरचा हक्क आपल्याला मिळाला. आज प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली असते आणि तरी बाई तहानलेली नागपूरला पोचते. आता पाणी कुणी नाकारत नाही, तीच स्वतःला नाकारते, कारण पाणी प्यायल्यावर जायला जागा नाही. पाण्याचा हक्क आणि स्वच्छतागृहाचा हक्क एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, हे आपण समजून घेतले पाहिजे.

ही सवय प्रवासात लागलेली नसते. वस्तीत सार्वजनिक संडासाची रांग असते, रात्री दिवा नसतो, दाराला कडी नसते. म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायचे हे मुलगी लहानपणीच शिकते. मोठ्या प्रवासात त्याच सवयीचा त्रास उघड होतो.

दाबून ठेवले की काय होते

मूत्रपिंड दिवसरात्र रक्त गाळून लघवी तयार करतात आणि ती मूत्राशयाच्या पिशवीत साठते. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास लघवी मावते. पिशवी निम्मी भरली की पहिली जाणीव होते. दर तीन-चार तासांनी जाणे हे नेहमीचे मानावे.

पाणी कमी केले म्हणजे लघवी थांबत नाही. ती थोडी, पण घट्ट आणि गडद पिवळी होते. अशी लघवी पिशवीला आतून टोचते आणि उलट सारखी भावना होते. म्हणजे पाणी सोडून त्रास वाचत नाही, वाढतो. वर डोके दुखते, चक्कर येते, मळ कडक होतो, मुतखडा असणाऱ्याचा खडा वाढतो.

बाईच्या शरीरात लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटर असते, पुरुषाची वीस सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय बाईची ही जागा गुदद्वाराच्या जवळ. त्यामुळे संडासच्या जागेचे जंतू बाईच्या मूत्राशयात लवकर पोचतात. लघवी झाली की हे जंतू वाहून जातात. ती तासन् तास तुंबून राहिली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. एखाद्या वेळी तासभर कळ काढली म्हणून काही बिघडत नाही. सारखे दाबून ठेवणे आणि जोडीला पाणी न पिणे वाईट.

बुद्धांनी केलेला नियम

ज्यांना हा विषय धम्मयात्रेच्या पानावर नको वाटेल त्यांनी विनयपिटक आठवावे. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचकुटीत जात. नवे भिक्खू आधी येऊनही थांबून राहत. दाबून धरल्यामुळे ते घेरी येऊन पडले. हे बुद्धांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी नियम केला की शौचाला जाताना ज्येष्ठता पाहायची नाही, जो आधी आला तो आधी जाईल. आत जाण्यापूर्वी खोकून आवाज द्यावा, जागा घाण दिसली तर धुवावी, भांड्यातले पाणी संपले असेल तर भरून ठेवावे, हेही तिथेच सांगितले आहे.

महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतले आणि अंथरुणावर निजवले. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांना या गोष्टीची लाज वाटली नाही. मग गाडीत मागच्या सीटवरून "दादा, गाडी थांबवा" म्हणायला आपल्या उपासिकेला लाज का वाटावी? आणि ती म्हणाली की पुढच्या सीटवर हसू का फुटावे?

निघण्याआधीची बैठक

वर्गणी ठरते त्याच बैठकीत पुढच्या चार गोष्टी ठरवून घ्या.

पहिली, दर दोन ते अडीच तासांनी गाडी थांबेल. कुणाला लागली आहे का हे विचारायचे नाही, थांबायचेच. विचारले की बायका "नाही" म्हणतात. गाडी थांबली की सगळे उतरतात आणि कुणा एकीवर नजर राहत नाही.

दुसरी, हे ड्रायव्हरदादांना गाडी ठरवतानाच सांगा. भाडे, टोल, भत्ता यांच्यासोबत थांबेही बोलून घ्या. ऐन वेळी सांगितले की वाद होतो.

तिसरी, गाडीत एका ताईकडे ही जबाबदारी द्या. घड्याळ ती पाहील आणि गाडी थांबवायला ती सांगेल. नव्या सुनेला, वयात आलेल्या मुलीला तिच्या कानात सांगणे सोपे जाते.

चौथी, गरोदर बाई, म्हातारी माणसे, मधुमेही आणि लहान मुलांच्या आया यांना दाराजवळची जागा द्या.

थांबे साधारण असे धरा. पहाटे केडगावहून निघालात तर पहिला थांबा नगर. शहराच्या अलीकडेच पुणे रस्त्यावर आणखी एक केडगाव लागते, तेव्हा लेकरांना सांगा की आपण परत घरी आलो नाही! दुसरा थांबा संभाजीनगर. तिसरा जालन्याजवळ, समृद्धीवर चढण्याआधी. हा थांबा चुकवू नका. तिथून नागपूर चार-पाच तासांवर आहे आणि समृद्धीवर गाव, ढाबा, बसस्थानक रस्त्याला लागून येत नाही. पंप आणि थांबण्याच्या जागा एकमेकांपासून लांब आहेत. पंप दिसला की लागलेली नसली तरी उतरून या. फारच निकड झाली तर जवळच्या इंटरचेंजवरून खाली उतरा. टोल अंतरावर असतो, तेवढ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका.

महामार्गाच्या कडेला, विशेषतः अंधारात, गाडी उभी करून लघवीला उतरणे जिवावर बेतू शकते. मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला उभी गाडी वेळेत दिसत नाही. द्रुतगती रस्त्यावर हे अजिबात करू नये, पुरुषांनीसुद्धा.

घरात फार आजारी किंवा वयस्क माणूस असेल आणि दीक्षाभूमीला जायचेच असेल तर त्यांच्यासाठी रेल्वेचा विचार करा. दौंडहून मनमाडमार्गे नागपूरला गाड्या जातात आणि डब्यात संडास असतो. आरक्षण मात्र फार आधी करावे लागते.

जायचे कुठे, मागायचे कसे

पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ग्राहकाला मोफत द्यायचे, ते स्वच्छ ठेवायचे, असे सरकारी तेल कंपन्यांचे पंपचालकांसाठी नियम आहेत. म्हणून डिझेल भरण्याची जागा आणि थांबा एकच ठरवा. कुलूप असेल तर किल्ली मागा. आवाज न चढवता, पण ठामपणे. नाही म्हटले तर तक्रारवही मागा, ती पंपावर ठेवावी लागते. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक आहे. आजारी माणसासाठी १०८.

ढाब्यावर चहा घेणार असाल तर आधी स्वच्छतागृह पाहा, मग ऑर्डर द्या. वीस माणसांची गाडी आहे म्हटल्यावर मालक सोय करून देतो.

हे मागणे म्हणजे उपकार मागणे नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम महिला कार्यकर्त्यांनी चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा भेदभाव त्यांनी चव्हाट्यावर आणला. पुण्यातल्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे करण्याचे निर्देश महापालिकांना दिले आणि हा विषय संविधानाच्या कलम २१ शी, सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडला. बाबासाहेबांच्या संविधानातले हे कलम रस्त्यावरच्या मुतारीपर्यंत पोचते, एवढे लक्षात ठेवा.

गाडीत काय ठेवावे

खर्चिक काही लागत नाही. दोन जुन्या साड्या किंवा चादरी आडोशासाठी. एक छत्री. पाण्याचा पाच लिटरचा कॅन फक्त धुण्यासाठी, पिण्याचा वेगळा. साबणाचे तुकडे, एक मग, विजेरी, जुनी वर्तमानपत्रे, कचऱ्यासाठी जाड पिशव्या. झाकणाची एक बादली, तळाला लाकडाचा भुसा किंवा फाडलेले वर्तमानपत्र टाकून. लहान मूल, म्हातारी आजी किंवा अचानक पोट बिघडलेले माणूस यांना आडोसा धरून ती कामी येते. बादलीतले वाटेत भिरकावू नका, पुढच्या स्वच्छतागृहात रिकामी करून धुवा.

बायकांना उभ्याने लघवी करता यावी यासाठी कागदाचे किंवा सिलिकॉनचे नरसाळे आता मिळते. गुडघे दुखणाऱ्या आणि गरोदर बायकांना ते उपयोगी आहे. मात्र आधी घरी दोन-तीनदा वापरून पाहा, पहिला प्रयोग रस्त्यात नको.

कपडे सैल घाला. लेगिंगवर घट्ट कुर्ता घालून आडोशाला बसणे अवघड जाते. कमोड असेल तर पाणी टाकून, पुसून नीट बसा. अधांतरी उभे राहिले की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. धुताना हात पुढून मागे न्या, मागून पुढे नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

पाणी आणि खाणे

सकाळी एकदम तांब्याभर पाणी पिऊ नका. तासाला साधारण एक पेला, घोट घोट. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद दिसली तर कमी पडते आहे. कमी करायचेच असेल तर चहा आणि थंड पेये कमी करा, त्यांनी सारखी भावना होते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर तेवढेच घ्यावे.

घरची भाकरी, चटणी, शेंगदाणे, केळी उत्तम. उघड्यावरची कापलेली फळे आणि चटण्या टाळा. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

यांच्याकडे जास्त लक्ष द्या

गरोदर बाई: पिशवीवर गर्भाचा दाब असतो, दोन तासांहून जास्त थांबवू नका. लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि बाळंतपण दिवसांआधी होण्याची भीती असते. थांब्यावर उतरून पाच मिनिटे चालावे, बसून बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. दिवस भरत आले असतील किंवा काही गुंतागुंत असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेही: साखर वाढली की लघवी जास्त होते. म्हणून पाणी किंवा गोळी बंद करायची नाही. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

रक्तदाबाचे रुग्ण: काहींना लघवी वाढवणारी गोळी असते. ती प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

वयस्क पुरुष: प्रोस्टेट वाढलेल्यांनी फार वेळ दाबून ठेवू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकते, म्हणून दुकानातून मनाने गोळी घेऊ नका. पोट फुगले आणि लघवी अजिबात होईना, तर नागपूर येईपर्यंत थांबू नका. वाटेतले पहिले रुग्णालय गाठा.

पाळी असलेली मुलगी: चार ते सहा तासांनी पॅड बदलावे. थांबा कशासाठी हे तिने कुणाला सांगायची गरज पडू नये, म्हणूनच ठरलेले थांबे हवेत.

दीक्षाभूमीवर महापालिका तात्पुरती शौचालये उभारते, पण गर्दी अफाट असते. परिसरात शिरण्याआधी उतरल्या ठिकाणीच जाऊन घ्या. आत शिरल्यावर शौचालय आणि आरोग्य कक्ष कुठे आहे ते पहिले पाहून ठेवा.

साफ कोण करते?

स्वच्छतागृह घाण म्हणून आपण नाक मुरडतो. पण ते साफ करणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा आपल्यातलाच किंवा आपल्या शेजारच्या वस्तीतला. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आपण भांड्यात पॅड टाकले, बाटली कोंबली, की ते तुंबते आणि कुणाला तरी त्यात हात घालावा लागतो. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाका, डबा नसेल तर आपल्या पिशवीत. वापरल्यावर दोन मग पाणी टाका. दीक्षाभूमीला जाणारी गाडी जिथे थांबली, ती जागा आधीपेक्षा स्वच्छ दिसली पाहिजे.

परत आल्यावर

लघवीला जळजळ, सारखी भावना, ओटीपोटात दुखणे, लघवीला घाण वास किंवा रक्त, यातले काहीही दोन दिवसांत दिसले तर लघवी तपासून घ्या. थंडी-ताप, उलट्या आणि कमरेच्या वर पाठीत दुखणे असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

या रविवारी विहारात वंदनेनंतर गाडीची बैठक असेल तर हे पान मोठ्याने वाचून दाखवा. वाचणारा पुरुष असेल तर आणखी चांगले. थांबे कागदावर लिहा, एका ताईचे नाव ठरवा आणि तो कागद ड्रायव्हरदादांच्या समोर चिकटवा. आपली आई, बहीण, सून दीक्षाभूमीवर पोटभर पाणी पिऊन आणि मोकळ्या मनाने उतरली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!